राजपुरी खाडीची सायकल प्रदक्षिणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंजिऱ्याच्या खाडीला सायकलने पूर्ण वळसा घालता येतो, असं एकदा बोलून बसलो आणि तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. तेच तेच परत लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं इथे मांडतो. आधी सोपे प्रश्न, मग अडचणीचे. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. ही खाडी नेमकी कुठली? आणि रस्ता कसा जातो?

रायगड जिल्ह्यात मुरूडच्या दक्षिणेला समुद्र आत घुसतो, ती राजपुरीची खाडी. तिच्या तोंडावरच जंजिरा किल्ला उभा आहे. उत्तर काठावर राजपुरी आणि आगरदांडा, समोर दक्षिण काठावर दिघी. आत गेल्यावर खाडीला फाटे फुटतात. एक मांदाडकडे जातो, दुसरा म्हसळ्याकडे.

रस्ता असा: मुरूड, राजपुरी, आगरदांडा, मांदाड, कुडे, तळा, इंदापूर, माणगाव, मोर्बा, म्हसळा, बोर्ली पंचतन, दिवेआगर, दिघी. तिथून जंगलजेटीने (फेरीबोटीने, प्र. ७) पुन्हा आगरदांडा आणि मुरूड. यातलं इंदापूर रायगडातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं. पुणे जिल्ह्यातलं नव्हे. हे सांगावं लागतं, कारण एकाने मला खरोखर भिगवणचा रस्ता विचारला होता.

२. किती किलोमीटर? किती दिवस लागतात?

सव्वाशे ते एकशेचाळीसच्या दरम्यान. कुड्याची लेणी, तळगड, दिवेआगरची गल्लीबोळं यांत किती रमता त्यावर आकडा हलतो. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याची सायकल फेरी, करणारे लोक हे एका दिवसात उरकतात. उरकू द्या त्यांना. माझा सल्ला तीन दिवसांचा: पहिल्या दिवशी मुरूड ते माणगाव, दुसऱ्या दिवशी माणगाव ते दिवेआगर, तिसऱ्या दिवशी दिघीवरून पाणी ओलांडून मुरूड. तिसरा दिवस मुद्दाम हलका ठेवला आहे. कारण प्र. ७ आणि प्र. १२ मध्ये.

३. आगरदांड्याहून दिघीला होडीने पाव-अर्ध्या तासात जाता येतं. मग एवढा वळसा कशासाठी?

हा प्रश्न घरचेही विचारतात.

जंजिरा पाहायला सगळे येतात. शिडाच्या होडीतून जायचं, कलालबांगडी तोफेजवळ फोटो काढायचा, पाऊण तासात परत. पण किल्ला ज्या खाडीची राखण करत होता, ती खाडी कोणी पाहत नाही. तोंडावर एवढा बळकट पहारा बसवायचा तर आत काहीतरी राखण्यासारखं असणारच. ते काय होतं, हे आत गेल्यावर कळतं. मांदाड आज एक शांत गाव आहे. ग्रीक खलाशांच्या नोंदीत ज्या मंदगोरा बंदराचं नाव येतं ते हेच, असं काही अभ्यासक मानतात. ते मान्य करा किंवा करू नका. मांदाडच्या पाण्याकडे पाहत कुड्याच्या डोंगरात २६ लेणी कोरलेली आहेत, ती काही रिकाम्या जागी कोणी कोरली नसणार. पुढे तळगड लागतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले दिले आणि बारा ठेवले. त्या बारांत तळा आणि घोसाळा हे दोन्ही होते. नकाशावर बोट ठेवून पाहा, दोन्ही याच खाडीच्या पाठीशी आहेत. जंजिऱ्याचा सत्ताधीश सिद्दी समोर असताना ते सोडणं शक्यच नव्हतं.

आणि मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हे सगळं १९४८ पर्यंत एकाच जंजिरा संस्थानात होतं. म्हणजे आपण ज्याला आज 'पलीकडचा काठ' म्हणतो, तो तेव्हा पलीकडचा नव्हताच. होडीतून हे दिसत नाही. चढावर धापा टाकताना दिसतं.

४. कोणत्या दिशेने फिरायचं?

खाडी उजव्या हाताला ठेवून. म्हणजे प्रदक्षिणेसारखंच. यात श्रद्धेपेक्षा वाऱ्याचा भाग जास्त आहे. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, दुपारी तो उलटतो आणि समुद्राकडून आत येतो. पहिल्या दिवशी मुरूडहून पूर्वेला जाताना दुपारचा वारा पाठीशी येतो. दुसऱ्या दिवशी माणगावहून पश्चिमेला निघायचं ते पहाटे, म्हणजे जमिनीचा वारा दिवेआगरच्या दिशेने ढकलतो. एकदा मी हट्टाने उलट गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आगरदांड्याच्या अलीकडे समोरून जो वारा लागला, त्यात सपाट रस्त्यावर पहिला गिअर टाकावा लागला होता.

५. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर. मार्चपासून घामाने जीव जातो, एप्रिल-मेमध्ये तर सकाळी नऊनंतर चालवूच नये. पावसाळ्यात डोंगर अप्रतिम दिसतो हे खरं, पण जांभ्याची लाल माती रस्त्यावर वाहून येते, वळणांवर शेवाळ धरतं, जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात आणि समुद्र खवळला की जंगलजेटीचाही भरवसा नसतो. नाताळ ते ३१ डिसेंबरचा आठवडा टाळा. त्या दिवसांत दिवेआगरला खोली मिळत नाही आणि रस्त्यावर सगळं पुणे-मुंबई उतरलेलं असतं.

६. मुंबई-पुण्याहून सायकल कशी न्यायची?

मुंबईकरांसाठी सर्वात सुंदर वाट पाण्याची. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, २०२० पासून. सायकल चढवता येते, तासाभरात मांडवा. तिथून अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, काशीद करत मुरूड. हा स्वतंत्र एक दिवस धरा, फणसाडचे चढ वाटेत आहेत. गंमत अशी की ही बोट माझगावातून सुटते. १६८९ साली सिद्दी याकूत खानाने मुंबईवर चालून येऊन माझगावातच तळ ठोकला होता. तुम्ही त्याच्या छावणीवरून निघून त्याच्या कबरीपाशी पोचता (प्र. १२).

पुणेकर ताम्हिणी उतरून सरळ माणगावात येतात. त्यांनी वर्तुळ माणगावातूनच सुरू करावं, क्रम तसाच ठेवून. मग दिवेआगर पहिला मुक्काम आणि मुरूड दुसरा. रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेचं माणगाव स्टेशन सोयीचं. सायकल पार्सलमध्ये टाकावी लागते आणि प्रत्येक गाडीला, प्रत्येक स्टेशनावर ती सोय नसते, म्हणून आधी विचारून घ्या.

७. जंगलजेटीत सायकल घेतात का? वेळा काय?

घेतात. बाहेरच्यांसाठी सांगतो, जंगलजेटी म्हणजे गाड्या वाहून नेणारी सपाट फेरीबोट. आमच्याकडे तिला हेच नाव पडलं आहे. सायकलचं वेगळं तिकीट असतं, किरकोळ असतं. आधी मोठ्या गाड्या चढतात, मग दुचाक्या, मग आपण. उतरताना आपल्याला आधी सोडतात असं नाही, तेव्हा इंजिनाच्या धुरात मागे उभं राहण्यापेक्षा कडेला थांबा.

वेळा मी मुद्दाम लिहीत नाही. हंगाम, गर्दी आणि दुरुस्ती यांप्रमाणे त्या बदलतात आणि जुनी वेळ वाचून कोणी संध्याकाळी दिघीला अडकलं तर शिव्या मला. नियम एकच: दिघीला सकाळी पोचा. शेवटच्या फेरीच्या भरवशावर प्रवास आखू नका.

धक्क्याच्या उतारावर ओहोटीत शेवाळ उघडं पडतं. तिथे सायकलवर बसून जाऊ नका, हातात धरून चाला. क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट असतील तर काढा. मी पडलो आहे, आणि समोर बसलेल्या मासळीवाल्या मावशींनी आधी हसून मग उठवलं.

८. भरती-ओहोटीचा सायकलवाल्याला काय संबंध?

फार आहे. ओहोटीत मांदाडची खाडी म्हणजे करडा चिखल, तिवरांची उघडी मुळं आणि त्यात टिपणारे बगळे. भरतीत तिथेच रस्त्याच्या कडेपर्यंत तुडुंब पाणी. एकच जागा, दोन वेगळी गावं वाटावीत.

कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, आणि खाडीत आत जाल तसं पाणी उशिरा पोचतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी सर्वात वर आणि सर्वात खाली. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे फारसा फरक नाही.

म्हणून पौर्णिमेच्या आगेमागे उजाडताच मुरूडहून निघालात, तर अकरा-साडेअकराला मांदाडला भरलेली खाडी मिळते. मी सुट्टी कॅलेंडर बघून नाही, पंचांग बघून टाकतो. ऑफिसात हे कोणाला सांगितलेलं नाही.

९. कोणती सायकल लागेल? साधी चालेल?

गिअर हवेत. त्यापलीकडे हायब्रिड, एमटीबी, रोड सायकल काहीही चालतं. टायर मात्र ३२ मिलिमीटरच्या खाली नको, कारण आगरदांडा ते तळा या पट्ट्यात डांबर कुठे नवं कोरं तर कुठे नावापुरतं. दोन ट्यूब, पंप आणि ट्यूबला प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा, व्हॉल्व्ह असेल तर त्याचा अडॅप्टर जवळ ठेवा. तो पितळी अडॅप्टर असला की कुठल्याही मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते, नसला तर तोही हताश आणि आपणही. पॅनियर (कॅरिअरच्या बाजूला लटकणारी बॅग) नसेल तर मागच्या कॅरिअरला बॅग दोरीने बांधा. पाठीवर सॅक घेऊन कोकणातल्या दमट हवेत तीन दिवस काढू नका.

१०. चढ किती अवघड आहेत?

समुद्रकाठचा रस्ता सपाट असेल, हा गैरसमज इथे पहिल्याच तासात उतरतो. उंची फार नाही, पण रस्ता सारखा चढतो आणि सारखा उतरतो. लय लागत नाही. कुड्यापासून तळ्यापर्यंत आणि म्हसळ्याहून बोर्लीकडे जाताना दम निघतो. म्हसळ्याआधीच्या घोणसे घाटात वळणं तीव्र आहेत आणि तिथे गाड्यांचे अपघात झालेले आहेत. निघण्याआधी ब्रेक तपासा, वेग आवरा, आणि कानात गाणी नकोत.

११. इंदापूर ते माणगाव महामार्ग टाळता येईल का?

या वर्तुळातला तेवढाच तुकडा नावडता. दहा-बारा किलोमीटर आहेत, पण मुंबई-गोवा महामार्गाचे, आणि त्याचं काम किती वर्षं चाललं आहे हे कोकणात कोणाला सांगायला नको. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारनंतर माणगावात वाहनांची रांग लागते. सायकलला रांगेचा त्रास कमी, धुळीचा जास्त. आठवड्याच्या मधल्या दिवशी हा पट्टा तासाभरात संपतो. गावागावांतून जाणाऱ्या आडवाटा आहेत, पण त्या विचारत विचारत जाव्या लागतात आणि अंधार पडायच्या बेतात असाल तर तो नाद करू नका. मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

१२. सायकल घेऊन जंजिरा कसा पाहायचा? वाटेत आणखी काय थांबण्यासारखं आहे?

जंजिरा तिसऱ्या दिवशी पाहा. खाडी फिरून आल्यावर तो वेगळा दिसतो, असं माझं ठाम मत आहे. सायकल राजपुरीच्या धक्क्याजवळ एखाद्या टपरीवाल्याला विचारून लावा, त्याच्याकडे सरबत प्या, कुलूप लावा. सायकल होडीत घेत नाहीत आणि घेऊही नये. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत होड्या थांबतात, तेवढं लक्षात ठेवा. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तो क्षण चुकवू नका. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत दगडांचा बांध घालायला घेतला होता. होडीतून मधल्या पाण्याकडे बघा, म्हणजे त्या कल्पनेचा आवाका कळतो.

मुरूडच्या पुळणीवरून समोर दिसतो तो पद्मदुर्ग, शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यावर वचक म्हणून बांधलेला. तिथे जंजिऱ्यासारख्या नेहमीच्या होड्या नाहीत.

राजपुरीहून आगरदांड्याकडे जाताना खोकरीच्या तीन दगडी घुमटांशी थांबाच. सिद्दी सरदारांच्या कबरी आहेत, त्यांत याकूत खानाची. गाडीवाले भर्रकन निघून जातात. मी तिथे प्रत्येक वेळी एकटाच असतो.

१३. कुड्याची लेणी बघायला किती वेळ ठेवू? वाट कशी आहे?

निदान दीड तास. सायकल खाली ठेवून थोडं वर चढायचं. पाणी भरून घ्या. सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात दर्शनी भागात हत्ती आणि दालनात स्त्री-पुरुषांची जोडशिल्पं आहेत. नंतरच्या काळातल्या बुद्धमूर्तीही दिसतील. पण मला तिथले शिलालेख जास्त आवडतात. दान देणारे फक्त राजघराण्यातले महाभोज नाहीत. माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. म्हणजे बंदराला जी माणसं लागतात, ती सगळी. व्हरांड्यात बसून खाली खाडीकडे बघा, प्र. ३ चं उत्तर पुन्हा वाचायला नको.

१४. राहायचं आणि जेवायचं कुठे?

मुरूड आणि दिवेआगरला घरगुती सोय भरपूर. माणगावात लॉज आहेत, झोपण्यापुरते ठीक. दिवेआगरात सकाळी सांगितलं तर रात्री उकडीचे मोदक पानात येतात, मासे खाणाऱ्यांना तर काळजीच नाही. मधल्या पट्ट्यात, विशेषतः आगरदांडा ते तळा, हॉटेलच्या आशेवर राहू नका. चहा-वडापाव मिळाला तर मिळाला. भाकरी आणि गूळ-शेंगदाणे बरोबर ठेवा. खाडीकाठची बरीच गावं मुसलमान वस्तीची आहेत, रमजानमध्ये दिवसा टपऱ्या बंद असू शकतात. सुटे पैसे ठेवा, रेंज गेली की मोबाइलने पैसे देणंही गेलं.

दिवेआगरला मुक्काम केलात तर सुवर्णगणेशाचं देऊळ पाहालच. १९९७ मध्ये सुपारीच्या बागेत खणताना सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये दरोड्यात गेला, २०२१ मध्ये नवा बसवला. वाडीतून फिरताना मध्येच उघडं आभाळ आणि कोवळी झाडं दिसतील. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिथली जुनी नारळ-सुपारी आडवी झाली. सुपारीला पुन्हा उभं राहायला वर्षं लागतात. तिथल्या माणसांशी त्यावर बोललात तर घाईत बोलू नका.

१५. दिवेआगरच्या वाळूवर सायकल चालवली तर?

ओहोटीत ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट असते, मजा येते. मात्र त्याच संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल घाला, नाहीतर सकाळी ती करकरेल आणि महिन्याभरात गंजेल. ओहोटीची वेळ प्र. ८ वरून काढा.

१६. मी एकटी जाणार आहे. सुरक्षित आहे का?

माझ्या ओळखीच्या दोघी एकेकट्या जाऊन आल्या आहेत. दोघींचं म्हणणं एकच: माणसांचा त्रास नाही, प्रश्नांचा आहे. 'एकटीच? घरचे कुठेत?' हे दर टपरीवर. मुक्काम आधी ठरवून घरी कळवा, आणि सूर्यास्तानंतर रस्त्यावर नको. हे पुरुषांनाही लागू आहे, कारण रात्री धोका कुत्र्यांचा, खड्ड्यांचा आणि भरधाव डंपरचा. माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८.

१७. फोनवरचा नकाशा मला सारखा होडीकडेच वळवतो. काय करू?

त्याचं बरोबर आहे, त्याला जवळची वाट हवी. मुरूड ते दिवेआगर असं विचारू नका. तुकडे करा: मुरूड ते मांदाड, मांदाड ते तळा, तळा ते माणगाव, माणगाव ते म्हसळा. आणि 'राजापूर' लिहू नका. राजापूर रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे, आपली ती राजपुरी. मुरूडही दोन आहेत, दुसरं दापोलीजवळ. एका ग्रुपने खोली त्या मुरूडला घेतली होती.

१८. खाडीवर पूल होणार म्हणतात. मग?

रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या आखणीत आगरदांडा-दिघी पूल आहे. झाला की शाळा-दवाखान्यासाठी रोज पाणी ओलांडणाऱ्यांचे हाल संपतील, तेव्हा माझ्यासारख्या हौशी माणसाने त्यावर उसासे टाकू नयेत. तोपर्यंत जंगलजेटीच्या कठड्याला सायकल टेकवून घ्या.

१९. दिघीला पोचलो आणि फेरी बंद निघाली तर? आणि होडीने आलेली प्रदक्षिणा पूर्ण धरायची का?

आधी धक्क्यावर चौकशी करा. राजपुरीला जाणाऱ्या लहान लाँचही असतात, सायकल घ्यायची की नाही हे तांडेलाच्या (होडी चालवणाऱ्या प्रमुखाच्या) मर्जीवर. तो 'नाही' म्हणाला तर घासाघीस करू नका, समुद्र त्याला जास्त कळतो. दिवेआगरला परत या आणि सकाळी पुन्हा प्रयत्न करा.

तरीही जमलं नाही, तर आल्या वाटेने माघारी. खाडीचं तोंड पाण्याशिवाय ओलांडता येत नाही, त्यामुळे होडीने आलेली प्रदक्षिणा मी पूर्णच धरतो. माघारी वळावं लागलेल्यांनीही खट्टू होऊ नये. शंकराच्या देवळात आपण सोमसूत्र, म्हणजे पिंडीवरचं पाणी वाहून जाण्याची वाट, ओलांडत नाही, तिथूनच उलटं फिरतो आणि तीही प्रदक्षिणाच असते. फक्त इथल्या सोमसूत्री प्रदक्षिणेत घोणसे घाट दुसऱ्यांदा, आणि या वेळी चढून, करावा लागतो.